सात किलो बाजरी

आमच्या कॉलेजात सामाजिक धोरण हा विषय बाजरीवर शिकवला जायचा. हे मी कुठे सांगितलं की लोक हसतात. मीही हसू देतो, कारण समजावून सांगायला बसलो तर समोरचा चहा गार होतो.

पहिल्याच तासाला बाई वर्गात आल्या त्या एक कापडी पिशवी घेऊन. आता ही पिशवी टेबलावर ठेवतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी ती कडेवर घेतली आणि तशाच उभ्या राहून पाऊण तास बोलल्या. विषय होता, घरात मार खाणाऱ्या बाईसाठी सरकारने काय काय केलं आहे. कायदा, संरक्षण अधिकारी, समुपदेशन केंद्र, हेल्पलाइन, आधारगृह, सगळं त्यांनी फळ्यावर लिहिलं, तेही एका हाताने. मग म्हणाल्या, "ही सात किलो बाजरी आहे. सहा-सात महिन्यांचं पोर एवढं भरतं. प्रत्येकाने ही कडेवर घ्यायची, नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून निघायचं आणि फळ्यावरच्या एका ठिकाणी जाऊन यायचं. रिक्षा करायची नाही. पिशवी खाली ठेवायची नाही. ठेवलीत तर कुठे ठेवली ते अहवालात लिहायचं."

मागून कोणीतरी विचारलं, "मुलांनीपण?"

"मुलांनी आधी," बाई म्हणाल्या.

माझ्या वाट्याला संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय आलं. एप्रिल महिना होता. मी पिशवी घेऊन निघालो तेव्हा रुबाबात होतो, अर्ध्या वाटेवर दोनदा कड बदलली आणि पोचलो तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी वर न बघताच सांगितलं, "साहेब मीटिंगला. अडीचनंतर या." बसायला बाक नव्हता. अडीचपर्यंत मी काय करणार? आवारात एक सायकल उभी होती, तिच्या कॅरिअरवर पिशवी ठेवली आणि घाम पुसला. अहवालात तसं प्रामाणिकपणे लिहिलं. बाईंनी खाली हिरव्या शाईने शेरा मारला, "पोर सायकलवर ठेवलं? पुन्हा जा."

सगळं कॉलेज त्यांना बाजरीबाई म्हणायचं आणि त्यांना ते माहीत होतं. "धान्याचं नाव दिलंय, शिव्या तर दिल्या नाहीत," असं म्हणायच्या. मॅडम म्हटलेलं मात्र त्यांना चालत नसे. "मॅडमला बाजरी उचलता येत नाही," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे बाईच म्हणत.

उंचीने त्या बेताच्या होत्या, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंही आमच्याच नोट्स काढत. मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात लहानपण गेल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचंच नाही. संतापल्या किंवा फार माया आली की अहिराणीत शिरायच्या. त्यामुळे "काय करी राह्यना रे तू?" असं कानावर आलं की आपल्याला ओरडा बसणार आहे की जेवायला बोलावणार आहेत, हे लगेच कळत नसे.

जीआर वाचायची त्यांची एक पद्धत होती. चपला काढून, उभं राहून, मोठ्याने वाचायच्या. 'पीडितेस तात्काळ साहाय्य करण्यात यावे' असं आलं की थांबायच्या आणि समासात हिरव्या पेनने लिहायच्या, 'कोणी?' काही जीआर असे होते की सगळा समास हिरवा. तरी त्या सरकारला नावं ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या, आम्ही ठेवली तर चिडायच्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा वर्गात पेढे वाटले होते. "यात मारहाणीचा शब्दसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, "पण बाईला माहेरी जाणं निम्म्याने सोपं झालं. धोरण कधीकधी आडवाटेने येतं, त्याला ओळखायला शिका."

हेल्पलाइनचा तास तर मी जन्मात विसरणार नाही. खऱ्या हेल्पलाइनला त्रास द्यायचा नाही, म्हणून बाई स्वतःच हेल्पलाइन झाल्या. संध्याकाळी सहा ते सात आम्ही आपापल्या घरून त्यांना फोन करायचा आणि 'मला घरात मार बसतो' एवढं एक वाक्य सांगायचं. अट एकच, घरातली माणसं घरात असताना आणि त्यांना पत्ता न लागता. मी फोन लावला. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती, बाहेरच्या खोलीत बाबा टीव्ही बघत होते आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात तिसरी जागा म्हणजे मोरी. बाई म्हणाल्या, "बोला, ऐकतेय." आईचं लाटणं थांबलं. मी म्हणालो, "बाई, उद्या सबमिशन आहे का?" त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मला त्या प्रयोगात पैकीच्या पैकी गुण होते. जे खणखणीत बोलले त्यांना काठावर पास केलं.

बाईंचं सगळंच गोड होतं असं नाही. हट्टी होत्या. बसमध्ये शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली म्हणून एका मुलीला त्यांनी तीनदा पाठवलं आणि ती रडली तरी त्या बधल्या नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग आला होता आणि थोडा अजूनही आहे. वर्ष संपलं की त्या बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा घेऊन यायच्या. भाकऱ्या त्यांच्या यजमानांनी थापलेल्या असत, बाईंना स्वयंपाक येत नव्हता. एकदा कोणा आगाऊ मुलाने विचारलं, "बाई, तुम्हाला कधी घरात…" वाक्य पुरं होण्याआधीच बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला भाकऱ्या थापता येतात, बाबा. भाकरी खा."

शिक्षण संपल्यावर मी त्यांच्याच हाताखाली कॉलेजच्या अभ्यासगटात लागलो. जिल्ह्यातली समुपदेशन केंद्रं कशी चालली आहेत, कुठली चालू ठेवावीत आणि कुठली नाशिकच्या केंद्रात विलीन करावीत, याची पाहणी महिला-बालविकास विभागाने आमच्याकडे दिली होती. कळवणच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला तालुक्याचं एक गाव आहे, त्याचं नाव सांगत नाही. तिथलं केंद्र माझ्याकडे होतं. मी विभागाच्या जीपमधून गेलो. नवी कोरी इमारत, खाली गाळे, वर केंद्र, दर्शनी भागात मोठी पाटी. आत पंखा, फरशी, पाण्याचा फिल्टर. समुपदेशक ताईंनी रजिस्टर पुढे केलं. जुन्या जागेत असताना पानं भरलेली होती. नव्या इमारतीत आल्यापासून नोंदी आटत गेल्या आणि शेवटची पानं जवळजवळ कोरी. ताई काहीतरी सांगू बघत होत्या, पण जीपवाल्याला परत फिरायची घाई होती आणि मला जीपची सवय नवीन होती.

मी अहवाल लिहिला. तालुक्यात तक्रारी घटल्या आहेत, जनजागृतीचा चांगला परिणाम दिसतो, स्वतंत्र केंद्राची गरज उरलेली नाही, विलीनीकरणाची शिफारस करावी. मला तो फार आवडला होता. बाईंनी तो उभ्याने, मोठ्याने वाचला आणि शेवटच्या पानाखाली हिरव्या शाईने एवढंच लिहिलं, "बाजरी कुठे ठेवली?"

मी म्हणालो, "बाई, मी आता विद्यार्थी नाही."

"ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी हा कागद वर जाणार. त्यानंतर त्या डोंगरातल्या बाईला दोन एसट्या बदलून नाशिकला यावं लागेल. येईल ती?"

मी कागद परत घेतला.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं एसटीने निघालो. बाईंच्या मांडीवर बाजरी. उतरलो तेव्हा बाजाराचा दिवस होता आणि केंद्राच्या इमारतीसमोर कांदा-मिरचीची दुकानं मांडली होती. वर जायचा जिना बाहेरच्या बाजूने, उघडा. पाटीवर गुडघ्यात डोकं घातलेल्या एका बाईचं चित्र आणि 'कौटुंबिक हिंसाचारग्रस्त महिलांसाठी' अशी अक्षरं, पलीकडच्या रस्त्यावरून वाचता येतील एवढी. जिन्याच्या पायथ्याशी चहाची टपरी.

"आधी तू जा," बाई म्हणाल्या.

मी गेलो, वर पोचलो, खाली आलो. कोणी मान वळवली नाही. पुरुष जिना चढतो यात बघण्यासारखं काय आहे?

मग बाई निघाल्या, साधी सुती साडी, कडेवर पिशवी. तिसऱ्या पायरीवर टपरीवाले म्हातारबाबा बोलले, "काय वो बाई, वर काय काम काढलं?"

"सहज," बाई म्हणाल्या.

"सहज कोनी वर जात नाय. घरात काय भांडन-बिंडन झालं का? कोन्या गावच्या तुमी?"

मिरच्या विकणारीने मान वर केली. "मालक काय करत्यात तुमचे?"

तिची शेजारीण म्हणाली, "म्हातारपनी कशाला वो असं? पोरं काय म्हनतील?"

बाई खाली उतरल्या, टपरीच्या बाकड्यावर बसल्या आणि दोन चहा सांगितले. म्हातारबाबा मनाने वाईट नव्हते. साखर किती ते विचारून त्यांनी चहा दिला आणि आपणहून सांगू लागले, "बरं झालं उतरल्या. आपल्या घरातलं आपन मिटवावं. मागं एक वरच्या पाड्यावरची सून आली व्हती, लेकराला घेऊन. तिच्या सासऱ्याची माझी लय जुनी वळख. लगेच निरोप धाडला, म्हनलं बाबा, तुझी सून हितं जिन्यावर उभी हाय, नीट समजावून घरी ने. अर्ध्या तासात आला बिचारा."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. बाई आता याची कानउघाडणी करणार, असं मला वाटलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला, "चहा चांगला शे, भाऊ," म्हणाल्या आणि पिशवी उचलून पुन्हा जिना चढल्या.

वर ताई एकट्याच होत्या. बाईंना बघून त्यांना आधी वाटलं तक्रारदारच आली, आणि त्या इतक्या लगबगीने उठल्या की खुर्ची पडली. मग सगळं बाहेर आलं. जुनं केंद्र ग्रामीण रुग्णालयात होतं, लसीकरणाच्या खोलीच्या मागे एक कोंदट खोली, पंखा नाही, खिडकी अर्धी. पण बाया यायच्या. पोराला सुई टोचायची म्हणून घरातून निघायचं, कार्ड हातात, आणि नर्सने मागच्या दाराकडे नजर केली की आत शिरायचं. पाड्यावरची ती सून तशी चार वेळा आली होती. चौथ्या वेळी तिने बोलायला सुरुवात केली, घटना अहवालाचा फॉर्म अर्धा भरून झाला आणि त्याच महिन्यात केंद्र या इमारतीत आलं.

"एकदाच आली इथे," ताई म्हणाल्या. "जिन्यापर्यंत. मी वरून बघितलं तिला. मी खाली जाईपर्यंत सासरा आला होता." त्यांनी कपाट उघडून फॉर्म दाखवला. तो त्यांनी वेगळ्या फाइलमध्ये ठेवला होता. माझ्या अहवालाप्रमाणे सोमवारनंतर ते कपाट नाशिकला जाणार होतं.

बाई तो फॉर्म वाचताना पहिल्यांदाच हळू आवाजात वाचत होत्या.

परतीच्या बसमध्ये बाजरी पुन्हा त्यांच्या मांडीवर होती. मी माफी मागायचं वाक्य मनात जुळवत होतो. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कॉलेजात यायच्या आधी मी याच महिला-बालविकास खात्यात होते, माहीत आहे ना? नवीन लागले होते. एक बाई आली, कडेवर लेकरू. मी तिला सांगितलं, रेशनकार्डाची झेरॉक्स नाही, घेऊन या. नियम होता तसा. ती बरं म्हणाली आणि गेली." पिशवीची दोरी त्या बोटाला गुंडाळत होत्या. "आली नाही परत. काय झालं तिचं, मला माहीत नाही. नाव आठवत नाही, लेकरू आठवतं. तू जीपने गेलास, मी खुर्चीतून उठलेच नाही. तुझ्यात माझ्यात फरक एवढाच की तुला सोमवारपर्यंत वेळ आहे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

अहवाल पुन्हा लिहिला. त्याचं पहिलं वाक्य बाईंनी सांगून लिहून घेतलं, 'पहिल्या भेटीत आम्ही जीपने गेलो होतो व आमचा निष्कर्ष चुकीचा होता.' मी म्हणालो, असं अहवालात लिहीत नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणूनच अहवाल कोणी वाचत नाहीत." तक्रारी घटल्या नाहीत, तक्रारीची वाट बंद झाली आहे. केंद्र ठेवावं, जागा बदलावी, लसीकरणाच्या मागच्या खोलीत परत न्यावं.

विभागाच्या बैठकीत अधिकारी मॅडमनी तो ऐकला. वयाने लहान, हुशार, पण त्यांच्यासमोरही अडचण होती. इमारत नुकतीच बांधलेली, उद्घाटन झालेलं आणि दर्शनी भागात पाटी लावावी असा जीआरच होता. बाईंनी वाद घातला नाही. पिशवी टेबलावर फायलींच्या मध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "एकदा ही घेऊन तो जिना चढून या. गाडी नेऊ नका. मग तुम्ही म्हणाल ते मी मान्य करीन." खोलीतले दोघे-तिघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलून वजन बघितलं आणि खुर्चीमागे ठेवली.

त्या खरोखर गेल्या, पुढच्या बाजाराच्या दिवशी, एसटीने. म्हातारबाबांनी त्यांना काय काय विचारलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण पिशवी परत आली तेव्हा तिच्यासोबत आदेश होता. केंद्र रुग्णालयात परत, वरच्या जागेत पीक विम्याचं कार्यालय. पाटीचा नियमही मोडला नाही, रुग्णालयाच्या दारातल्या खोल्यांच्या यादीत एक ओळ वाढली, 'खोली ९, माहिती व सल्ला.' बाईंनी आदेश उभ्याने वाचला. समासात लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. "हिला बाई म्हणायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

पण त्या खूश नव्हत्या. दर गुरुवारी, म्हणजे लसीकरणाच्या दिवशी, दुपारी त्या ताईंना फोन करायच्या. बाकीच्या बाया येऊ लागल्या होत्या, रजिस्टर भरत होतं, मी ते कौतुकाने सांगायचो. बाई ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "ती आली का?" आशा कार्यकर्तीच्या तोंडून पाड्यावर निरोप गेला होता, की सुई टोचायची खोली आता पूर्वीसारखी आहे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी एकदा म्हणालो, "बाई, नसेल यायचं तिला." त्यांनी पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन लावला.

जानेवारीत ताईंनीच फोन केला. बाई वर्गावर होत्या, मी फोन घेऊन वर्गात गेलो आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर कानाला लावला. ताईंचा आवाज मलाही ऐकू आला, "बाई, आली. लसीकरणाचं कार्ड घेऊन आली. पोरगा दुसरीत आहे हो तिचा."

"मग? नर्स काय म्हणाली?"

"काही नाही. कार्ड हातात घेतलं, बघितलं आणि मागच्या दाराकडे नजर केली."

बाई भर वर्गात खुर्चीत बसल्या. मी त्यांना वर्गात बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बठी जा रे सगळे," त्या म्हणाल्या, आणि मुलं बसलेलीच होती.

त्या सुनेचा फॉर्म पुरा झाला, कोर्टाचा आदेशही मिळाला. ती त्याच घरात राहते. सगळं गोड झालं असं ताई म्हणत नाहीत, मार थांबला आहे असं म्हणतात. बाईंनी ते वाक्य तीनदा विचारून खात्री करून घेतलं.

आता बाई निवृत्त आहेत. यजमान भाकऱ्या थापतात आणि त्या त्यांना जीआर वाचून दाखवतात. हा विषय मी शिकवतो, पिशवीही माझ्याकडे आहे. यंदा एका मुलीला मी मुद्दाम त्या खोली नंबर नऊमध्ये पाठवलं, आधी काही न सांगता. ती नाशिकहून दोन एसट्या बदलून गेली, रुग्णालयात विचारत विचारत पोचली आणि शनिवारी अहवाल दिला. मी तो घेऊन सरळ बाईंच्या घरी गेलो. त्यांनी नेहमीप्रमाणे चपला काढल्या, उभ्या राहिल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. शेवटच्या रकान्यापाशी आल्या. बाजरी कुठे ठेवली, याच्यापुढे त्या मुलीने लिहिलं होतं, 'कुठेही ठेवली नाही. मी आत गेल्याबरोबर ताई उठल्या, माझ्या कडेवरची पिशवी घेतली आणि मी बोलत होते तोवर मांडीवर धरून बसल्या. तिच्यात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.'

बाईंनी हिरव्या पेनचं टोपण काढलं होतं. ते त्यांनी परत लावलं.